लगोरी बाकावर आली

२०१६ च्या जुलैत मी दुसरीतल्या एका मुलाला वीस उठाबशा काढायला लावल्या होत्या. कारण काय, तर कवायतीला 'बैठ जाव' म्हटलं की तो सगळ्यांबरोबर बसायचा, पण 'खडे हो' म्हटलं की उठायला सगळ्यांच्या शेवटी. आणि उठायचा तोही तऱ्हेवाईकपणे. आधी चारी हातापायांवर, मग पार्श्वभाग वर, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत चढत. पोरं हसायची, तोही हसायचा. मला वाटलं नाटकं करतोय. सातव्या उठाबशीला तो खाली बसला तो उठलाच नाही. मी दंडाला धरून उभा केला आणि रांगेत ढकलला.

पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही. तेव्हा त्याचं मला काही वाटलंही नाही.

फेब्रुवारीत त्याचे वडील फाइल घेऊन आले. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आधी मिरज, मग मुंबई असं फिरून आलेले. फाइलमध्ये लिहिलं होतं, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. स्नायूंच्या पेशी शाबूत ठेवणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन अंगात तयारच होत नाही, त्यामुळे स्नायू हळूहळू झिजत जातात. बहुतेक मुलग्यांनाच होतो. आधी कंबर आणि मांड्या, मग खांदे, बोटं सगळ्यात शेवटी. चालणं बहुधा बाराव्या वर्षाच्या आसपास थांबतं. स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत उठण्याच्या त्या तऱ्हेला वैद्यकात नाव आहे, गोवर्स चिन्ह. गोवर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७९ साली ते नोंदवून ठेवलंय. म्हणजे माझ्यासमोर मैदानावर पोरगा रोज आजाराचं लक्षण करून दाखवत होता आणि मी त्याला त्याबद्दल शिक्षा देत होतो.

त्याला इथे सार्थक म्हणतो. पुढची सगळी नावंही बदललेलीच आहेत.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. अपराधी माणूस जातो तसा. सार्थकला कुठल्याच खेळात घ्यायचं नाही. पिंपळाच्या पारावर बसवायचं, वर्गाची दप्तरं त्याच्याजवळ ठेवायची, वर 'आमचा मॅनेजर' म्हणून पाठ थोपटायची. दोन वर्षं त्याने दप्तरं सांभाळली. तिथून त्याचं लक्ष मात्र सगळं मैदानावर असायचं. खो-खोत कुणी खांबाजवळ नियम मोडला की पारावरून आरोळी यायची, "फाऊल हाय सर, फाऊल!" आणि नव्वद टक्के वेळा त्याचंच बरोबर असायचं.

चौथीत असताना एकदा तो म्हणाला, "सर, दप्तरं कुठं पळून जात न्हाईत. मी पण खेळतो की."

मी म्हटलं, "पडशील रे."

"पडतोयच की रोज."

मला यावर उत्तर सुचलं नाही. मी बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, केलं १९९९ साली. ४०० मीटरच्या ट्रॅकला स्टॅगर कसा द्यायचा, म्हणजे बाहेरच्या पट्ट्यांतल्यांना किती पुढून सोडायचं, फक्की मारताना दोरी कशी ताणायची, स्नायू किती आणि हाडं किती, हे सगळं शिकलो. पण ज्याला पळता येत नाही त्याला खेळाच्या तासाला काय द्यायचं, यावर त्या अभ्यासक्रमात काही होतं असं मला आठवत नाही. असलंच तर परीक्षेला आलं नसणार.

गटसाधन केंद्रातून आठवड्यातून एकदा एक विशेष शिक्षिका आमच्या शाळेत यायच्या. वर्गाच्या मागच्या बाकावर दोन-तीन मुलांना घेऊन बसायच्या, चहा घ्यायच्या, पुढच्या शाळेला जायच्या. मी त्यांना गाठलं. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या शाळेत अशी मुलं किती?" मी म्हटलं, दोन. कार्यालयात दोघांचीच प्रमाणपत्रं होती. बाई हसल्या. एप्रिल २०१७ पासून नवा कायदा लागू झालाय, म्हणाल्या, आधी अपंगत्वाचे सातच प्रकार धरायचे, आता एकवीस आहेत. आम्ही दोघांनी मिळून वर्गावर्गात फिरून पाहिलं. ६४० मुलांत अकरा निघाली. त्यांतल्या निम्म्यांना मी कधी ना कधी 'आळशी', 'ढिला' किंवा 'ऐकत नाही' म्हटलेलं होतं. जे ऐकत नव्हतं त्याला खरंच ऐकू येत नव्हतं.

मग बाईंनी मला एक वही करायला लावली. "त्याला काय येत नाही त्याची यादी डॉक्टरांनी फाइलमध्ये दिलेलीच आहे. तुम्ही काय येतं ते लिहा." मला हे जरा पुस्तकी वाटलं, पण लिहिलं. सार्थकचं पान अजून माझ्याकडे आहे: बसून फेकतो. नेम चांगला. हात खांद्याच्या वर जात नाही. बोटं चपळ. जमिनीवरून उठायला ४० सेकंद. खुर्चीवरून उठायला ६ सेकंद. आवाज मोठा. नियम पाठ.

त्या पानावर मी अडलो ते ४० आणि ६ या आकड्यांवर. पोरगा तोच, उठणंही तेच, फरक फक्त उंचीचा. मग लगोरी जमिनीवरच का मांडायची?

दुसऱ्या दिवशी वर्गातला एक बाक मैदानात नेला. सुताराकडून लाकडाच्या सात चकत्या कापून आणल्या, कारण दगड निसटले की पायावर पडतात. स्पंजचा बॉल घेतला. बाकाशेजारी खुर्चीत सार्थक. बाकीच्यांनी पळून बॉल चुकवायचे, विखुरलेल्या चकत्या गोळा करून त्याच्याकडे पोचवायच्या, आणि रचायच्या फक्त सार्थकने. बोटं चपळ आहेत हे वहीत लिहिलेलं होतंच. सातही चकत्या हातात आल्या की तो त्या अशा झरझर लावायचा की समोरची टीम ओरडायला लागायची.

सुरुवातीला मी नियम केला होता की सार्थकला बॉल मारायचा नाही. दोन दिवसांनी तोच कुरकुरत आला, "सर, मग मी आऊट कधी होणार?" ही तक्रार एखादा मुलगा मुद्दाम येऊन करेल असं मला वाटलं नव्हतं. मग ठरलं की बॉल फक्त सरपटता टाकायचा आणि खुर्चीच्या पायाला लागला की तो बाद. पहिल्याच दिवशी तीनदा बाद झाला आणि तिन्ही वेळा भांडला.

बाकीची पोरं काय म्हणतील याची मला जास्त धास्ती होती. एकाने विचारलंच, "त्याची फेक एवढ्या जवळून का?" मी समजावण्याच्या तयारीत होतो, तेवढ्यात दुसरीच एक मुलगी म्हणाली, "सर, दोन रेघा मारा ना. जवळून पाडली तर एक गुण, लांबून पाडली तर तीन. ज्याला पाहिजे त्यानं कुठूनपण मारायचं." त्या दिवसापासून आमच्या मैदानावर सगळ्याच खेळांना दोन रेघा आल्या. गंमत म्हणजे जवळच्या रेघेवर पहिल्या आठवड्यात सार्थकपेक्षा धडधाकट पोरंच जास्त उभी असायची. पुढे आपली आपण मागे सरकली. वर्गातली जाडी पोरं, लाजरी पोरं, ज्यांना मी आजवर 'शेवटचा गडी' म्हणून कुठल्याही टीमला चिकटवत होतो, ती त्या एका गुणाच्या रेघेवर पहिल्यांदा काहीतरी पाडताना दिसली. हे मला बाईंनी शिकवलेलं नाही आणि कुठल्या प्रशिक्षणातही नाही.

पालकांचं सोपं नव्हतं. आमच्या शाळेची खो-खोची टीम जिल्ह्याला जाते. एका पालकाने सरळ विचारलं, "आमच्या पोराचा सराव बुडवून तुम्ही हे काय चालवलंय?" सहकारी तोंडावर बोलत नव्हते, पण शिक्षकखोलीत मला 'बाकवाले सर' म्हणायला लागले होते. मुख्याध्यापक म्हणाले, तासाला करा, सरावाला नको. मीही मान्य केलं. एका तासाला पंचावन्न पोरं, तास पस्तीस मिनिटांचा, शिक्षक एकटा. यात सगळ्यांना सगळं देता येत नाही, आणि ते जमतं असं सांगणारा माणूस बहुधा कधी मैदानावर उभा राहिलेला नसतो. मी जोडीदार लावले. आठवड्याला जोडीदार बदलायचा, म्हणजे कुणाचा सरावही बुडत नाही आणि कुणी कुणाचा 'सेवक'ही होत नाही.

आता चुकांकडे येतो, कारण शिकलो ते तिथेच.

पहिली चूक गळ्यात होती. शिट्टी. आमच्याकडे स्वमग्न असलेला ओम नावाचा मुलगा तिसरीत होता. मी शिट्टी मारली की तो कान दाबून पाण्याच्या टाकीमागे पळायचा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं, असलेल्या एका मुलीचं वेगळंच. अचानक आवाज झाला की तिचं सगळं अंग दचकून ताठ व्हायचं आणि उभी असेल तर ती पडायची. दोन महिने मी तिला 'लक्ष देऊन चाल' सांगत होतो आणि पाडत होतो मीच. शिट्टी बंद केली, हिरवं आणि लाल अशी दोन निशाणं शिवून घेतली. बहिऱ्या मुलाचीही आपोआप सोय झाली. सवय मात्र वाईट. पुढे वर्षभर माझा हात छातीकडे जायचा.

दुसरी चूक आठवली की अजून पोटात गोळा येतो. डाउन सिंड्रोम असलेली गौरी सतरंजीवर कोलांटउडी इतकी झकास मारायची की मी तिला पुढे बोलवून सगळ्यांना दाखवायचो. अंग रबरासारखं. टाळ्या पडायच्या. मिरजेतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंना मी हे कौतुकाने सांगितलं, तर त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. डाउन सिंड्रोममध्ये सांध्यांचे बंध मुळातच सैल असतात, अंग लवचीक दिसतं ते त्यामुळे. काही मुलांत मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर नीट धरलेले नसतात. मान दुमडून त्यावर अंगाचा भार आला तर मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. कोलांटउडी, डोक्यावर उभं राहणं, पाण्यात सूर मारणं, हे तपासणी झाल्याशिवाय करायचंच नाही. गौरीच्या आईला घेऊन मी स्वतः एक्स-रे काढायला गेलो. काही निघालं नाही. तरीही बाई म्हणाल्या, एक्स-रे म्हणजे हमी नव्हे. चालण्यात फरक पडला, मान वाकडी धरायला लागली, हात लुळा वाटला तर लगेच आणा. कोलांटउडी बंद. गौरी माझ्यावर पंधरा दिवस रुसली होती. शेवटी तिला लेझमीच्या पहिल्या रांगेत उभी केली तेव्हा बोलायला लागली.

तिसरी चूक फुग्याची. ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला सोपा खेळ म्हणून मी शंभर फुगे आणले. फुगा हळू खाली येतो, लागत नाही, ज्यांचे हात सावकाश चालतात त्यांना मारायला वेळ मिळतो. कल्पना वाईट नव्हती. पण पाचवीतल्या एका मुलीला जन्मतः पाठीच्या कण्याचा दोष, स्पायना बायफिडा. तिची आई मैदानाच्या दारातूनच ओरडत आली, "सर, तिला रबर चालत न्हाई!" लहानपणापासून वारंवार ऑपरेशनं आणि नळ्या झाल्याने यांतल्या बऱ्याच मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी होते. तोवर ओठ सुजलेच होते. गोळी आईच्या पिशवीत होती म्हणून निभावलं. आता माझ्या वहीत प्रत्येकाच्या पानावर वरच लाल शाईने लिहिलेलं असतं: काय अजिबात करायचं नाही. हे पान पालकांना विचारूनच भरायचं. माझ्याजागी नवा कुणी आला तर त्याने बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, लाल शाई वाचावी.

मिरजेच्या बाईंनी सार्थकसाठी जे सांगितलं ते माझ्या साऱ्या शिक्षणाच्या उलट होतं. आम्हाला शिकवलेलं की दमल्यावर अजून दोन काढ, त्यानेच ताकद येते. डिस्ट्रॉफीत दमायच्या आधी थांबवायचं. उठाबशा, उड्या, उतारावरून पळणं, जिने उतरणं, म्हणजे स्नायू ताणला जात असताना भार घेतो ते सगळं वर्ज्य, त्याने तंतू तुटतात आणि पुन्हा भरून येत नाहीत. दुसऱ्या दिवशी पाय दुखले तर आदल्या दिवशीचा खेळ जास्त झाला असं समजायचं. लघवी चहासारखी झाली तर ताबडतोब डॉक्टर. उचलताना काखेत हात घालायचा नाही, खांदे इतके कमजोर असतात की मूल हातांतून खाली निसटतं. एक हात पाठीमागे, एक मांड्यांखाली. पोहणं उत्तम, म्हणाल्या. आमच्या तालुक्यात तलाव म्हणजे पाझर तलाव, तेव्हा ते राहिलं.

उठाबशा वर्ज्य म्हणाल्या तेव्हा मी त्यांना २०१६ ची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, तुम्ही एकटे नाही. त्याने बरं वाटलं नाही.

मुबीनाचं थोडक्यात सांगतो, खरं तर तिच्यावर वेगळं लिहायला हवं. तिला फक्त उजेड-अंधार कळतो. मैदानाच्या कडेला दोन कडुनिंब आहेत, मध्ये तीस मीटर. त्यांना कमरेच्या उंचीवर नायलॉनची दोरी ताणून बांधली, दोरीत पडद्याची कडी ओवली, दोन्ही टोकांच्या तीन मीटर आधी गाठ मारली. कडी धरून पळायचं, गाठ लागली की थांबायचं. पहिल्यांदा चालत गेली, मग भरभर, मग पळाली. गाठीवर कडी आपटून थांबली आणि तिथूनच विचारलं, "सर, किती सेकंद?" मी घड्याळ लावलंच नव्हतं. असा फुकट गेलेला वेळ मला फार झोंबला. दुसऱ्या दिवशी १४ सेकंद, दिवाळीपर्यंत ९. बॉल ऐकू यावा म्हणून तो कॅरी बॅगेत गुंडाळायचा, सरपटताना खरखर वाजतो, घुंगरांच्या महाग बॉलची गरज नाही. एकदा मुंबईला लग्नाला गेलो तेव्हा शिवाजी पार्कात श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब बघून आलो. पुढे २०२४ साली पद्मश्री मिळालेले उदय देशपांडे यांनी तिथे दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवलाय. आमच्याकडे आल्यावर मी दोरीचा मल्लखांब टांगायची परवानगी मागितली. ती अजून मिळायची आहे.

मार्च २०२० ला शाळा बंद झाली. तेव्हा सार्थक पाचवीत होता आणि चालत घरी गेला होता, डुलत, टाचा उचलून, पोट पुढे काढून, पण चालत. आमच्याकडे पाचवीपासूनचे वर्ग ऑक्टोबर २०२१ ला उघडले. तो वडिलांच्या कडेवरून आला. दीड वर्ष दोन खोल्यांत बसून पायांचे स्नायू आखडले होते, टाचा जमिनीला टेकेनात. इतकी मुलं त्या दीड वर्षात मागे पडली, वाचन विसरली, पाढे विसरली. ती भरपाईचे वर्ग घेऊन काही प्रमाणात सावरली. इथे भरपाई नव्हती.

व्हीलचेअरचा अर्ज केला. चौदा महिन्यांनी एका शिबिरात खुर्ची मिळाली ती मोठ्या माणसाच्या मापाची. पाय लोंबकळायचे, पाठ एका बाजूला कलायची. आईने गोधडीच्या घड्या घालून बाजू भरल्या, मी पायांखाली प्लायवूडची पेटी ठोकली. वर्ग तळमजल्यावर आणून घेतला. एवढं होईपर्यंत तो आठवीत गेला, आणि बाकावरची लगोरी निकामी झाली. चकत्या उचलायला हात बाकाच्या काठावरून वर येईना.

हे मला आधी उमगलं नव्हतं. बाकीच्या मुलांसाठी मी खेळ दर सहा महिन्यांनी थोडा अवघड करत होतो. सार्थकसाठी तोच खेळ दर सहा महिन्यांनी थोडा सोपा करायचा, तेही त्याला ते सोपं केल्यासारखं वाटू न देता. आणि त्याला ते पहिल्या मिनिटात कळायचंच.

बोशिया हा खेळ मी मोबाइलवर पाहिला. नाव आधी ऐकलं नव्हतं. पॅरालिम्पिकमध्ये तो १९८४ पासून आहे, ऑलिम्पिकमध्ये नाहीच, म्हणजे ऑलिम्पिकमधल्या कुठल्या खेळाची ही नक्कल नव्हे. पांढरा चेंडू टाकायचा, मग एकाने सहा लाल, दुसऱ्याने सहा निळे त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन ठेवायचे. मैदान साडेबारा मीटर बाय सहा, म्हणजे आमच्या सभागृहात आखलेल्या बॅडमिंटन कोर्टात चपखल बसतं. आणि ज्याला चेंडू फेकताच येत नाही त्याला उतरण वापरायची मुभा असते. चेंडू घसरगुंडीवरून सोडायचा. बोटाने, तोंडातल्या काठीने, डोक्याला बांधलेल्या दांडीने, कशानेही.

खरा चेंडू २७५ ग्रॅमचा, चामड्याचा, मऊ, आणि संचाची किंमत आमच्या क्रीडा साहित्याच्या वर्षाच्या तरतुदीला गिळून टाकणारी. आधी मोज्यांत ज्वारी भरून शिवले. आठ दिवसांत साहित्यखोलीतल्या उंदरांनी मेजवानी केली. मग चिंचोके भरले. उंदीर गेले, पण ते चेंडू उतरणीवरून गडगडण्याऐवजी पोत्यासारखे घसरायचे आणि मध्येच बसायचे. शेवटी जुन्या टेनिस बॉलना भोक पाडून आत सुकी वाळू भरली आणि सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावून भोक बंद केलं. किराणा दुकानात वजन केलं, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. लाल आणि निळा ऑइल पेंट. उतरण म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ, एक टोक लाकडी घोडीवर. घोडीला खिळ्यांच्या सात खाचा, वरच्या खाचेवर ठेवली की चेंडू लांब जातो. कुठल्या खाचेला किती मीटर, याचा तक्ता सार्थकने दोन दिवसांत स्वतः केला. चौथी खाच, सहा मीटर. फरशी पुसलेली असेल तर सात. हा तक्ता माझ्या वहीत त्याच्या पानामागे चिकटवलेला आहे.

पन्हळ हलवायला, खाच बदलायला माणूस लागतो. प्रथमेश, त्याच्या शेजारच्या घरातला, खो-खोचा पळापळीतला पट्टीचा गडी. तो सार्थकच्या मागे उभा राहायचा आणि दोघं मिळून नेम धरायचे. खरं सांगायचं तर नेम प्रथमेशच धरायचा आणि सार्थक बोटाने चेंडू ढकलायचा. मला ते दिसत होतं. मी काही बोललो नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात पॅरिसला पॅरालिम्पिक चालू होतं. सार्थक दहावीत. आमच्याच जिल्ह्यातल्या, आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी ४ सप्टेंबरला १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्य मिळवलं. मी परिपाठाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. मुरलीकांत पेटकरांचंही सांगितलं, तेही सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले, १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात देशाचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सार्थक नंतर म्हणाला, "लई भारी सर. पण त्येंचा एक तरी हात चालतोय. बोशियात कोण जिंकलं?"

मी शोधलं. उतरण वापरणाऱ्यांच्या गटात, त्याला बीसी३ म्हणतात, दक्षिण कोरियाचा जोंग हो-वोन. मधल्या सुट्टीत आम्ही तिघांनी माझ्या मोबाइलवर तो सामना बघितला. सार्थक जोंगकडे बघतच नव्हता. तो बघत होता जोंगच्या मदतनिसाकडे. "सर, मदतनीस असं उलटं तोंड करून का?"

नियमच तसा आहे. उतरण हलवणाऱ्याने कोर्टाकडे पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही, सुचवायचं नाही. खेळाडू सांगेल तेवढंच करायचं. डावीकडे म्हटलं की डावीकडे, वर म्हटलं की वर. डोकं खेळाडूचं.

सार्थकने मान वळवून प्रथमेशकडे पाहिलं. "उद्यापासनं तू पण उलटा."

"मग मला काय दिसणार?"

"तुला काय करायचंय बघून."

दुसऱ्या दिवशी आठवीच्या टीमबरोबर सामना लावला. पहिल्या फेरीत पार गोंधळ. डावं-उजवं चुकायचं, प्रथमेशचं डावं आणि सार्थकचं डावं उलट. सार्थक ओरडून ओरडून लाल झाला. दुसऱ्या फेरीपासून मात्र जमायला लागलं, जरा जास्तच जमायला लागलं. सार्थकने "थोडी उजवीकडं" म्हणायच्या आधीच पन्हळ सरकत होती. मला काही कळेना. मी वाकून पाहिलं, पंच म्हणून काही दिसलं नाही. चौथ्या फेरीत सार्थक मोठ्याने म्हणाला, "सर, फाऊल हाय."

"कुणाचा?"

"आमचाच. त्येच्या मांडीवर बघा."

प्रथमेशच्या मांडीवर जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण होतं, लखलखीत घासलेलं, कोर्टाच्या दिशेने तिरकं धरलेलं.

"अरे, तो तुझ्याच बाजूचा आहे," मी म्हटलं. सामना ३-३ होता.

"म्हणून काय झालं? द्या फाऊल."

मी आठवीला दंडाचा चेंडू दिला. त्यांनी तो पांढऱ्याला टेकवला. सार्थक ४-३ ने हरला, आणि सभागृहातून बाहेर पडेपर्यंत प्रथमेशला शिव्या देत होता. प्रथमेश त्याची खुर्ची ढकलत होता आणि झाकण माझ्याकडे जप्त होतं.